सही भावाचीच हवी

मनोरुग्णालयातल्या पेशंटनं तक्रार केली, तर ती आजाराचं लक्षण म्हणून फाईलमध्ये जायला वेळ लागत नाही. आमच्या बाबतीत तसंच झालं.

धाकट्या भावाला बायपोलर आहे. एका खासगी रुग्णालयात असताना भेटीच्या वेळी तो म्हणाला, रात्री माझे हात पलंगाला बांधले होते. मनगटांवर वळ दिसत होते. सिस्टर म्हणाल्या, "ताई, आजारात त्यांना असं वाटतं." तक्रारपेटी होती, पण तळमजल्यावर, वॉर्ड दुसऱ्या मजल्यावर, कुलपाआड, आणि तिथे पेन जवळ ठेवायला बंदी. पेटीत चिठ्ठी टाकणार कोण?

मी तिथे भांडले नाही. आपण आवाज चढवून घरी जातो, रात्र पेशंटला तिथेच काढायची असते. वळांचे फोटो काढले, तारीख-वेळ लिहून ठेवली. शिवाय 'बांधलं की नाही' असं विचारलं की भाऊ विरुद्ध सिस्टर, आणि त्यात भाऊ हरणार हे ठरलेलं. म्हणून विचारलं, नोंद कुठे आहे?

हा प्रश्न मोलाचा आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ९७ प्रमाणे तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल तेव्हाच, तेही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीनं पेशंटला बांधता येतं. का बांधलं, किती वेळ, हे लगेच केसपेपरवर लिहावं लागतं आणि नामनिर्देशित प्रतिनिधीला (पेशंटनं स्वतः लेखी नेमलेल्या माणसाला) २४ तासांत कळवावं लागतं. 'स्टाफ कमी होता' हे कारण कायद्याला चालत नाही. प्रतिनिधी मीच होते. भावानं साध्या कागदावर तसं लिहून सही केली होती. (तब्येत बरी असतानाच हे उरकून घ्या.) मला कुणीही कळवलं नव्हतं.

केसपेपर दाखवा असं मागणारा तक्रारीचा अर्ज प्रमुख डॉक्टरांच्या नावे दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. काउंटरवरचा माणूस "ठेवून जा" म्हणत होता. शिक्क्याशिवाय हलू नका. कागदपत्रं पाहण्याचा हक्क पेशंटचा, तक्रार प्रतिनिधीलाही करता येते, पण मुळात ती त्याची, म्हणून भेटीच्या खोलीत माझ्या पेनानं सही भावानं केली. मजकूरही त्याचाच. मला 'अमानुष' लिहायचं होतं. त्यानं खोडायला लावलं. विशेषणं आली की पुन्हा 'आजारात वाटतं' सुरू होतं.

तिथे दाद लागली नाही, तर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जाता येतं. फी नाही. पेशंटची संमती असेल तर नोंदणीकृत संस्थाही त्याच्या वतीनं अर्ज करू शकते. इच्छेविरुद्धच्या पहिल्या भरतीला आव्हान दिलं असेल, तर मंडळानं ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आमच्यासारख्या तक्रारींना ९० दिवस. मोफत वकील हवा असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे.

मला मंडळापर्यंत जायचं होतं. भावाला नको होतं. बांधल्याची नोंद केसपेपरवर यावी आणि रात्रपाळीच्या लोकांना समज मिळावी, एवढंच त्याचं मागणं होतं. दोन्ही लेखी मिळालं. मी अजून धुसफुसते, पण तक्रार त्याची होती. कुठे थांबवायची हेही त्यानंच ठरवलं.