स्मरणशक्तीचं टॉनिक मागण्याआधी बीपी मोजा

‘बीपीची गोळी एकदा लागली की सुटत नाही, म्हणून घेत नाही,’ असं पंचेचाळिशीतली माणसं मला मोठ्या शहाणपणानं ऐकवतात. वीस वर्षांनी त्यांचीच मुलं त्यांना हाताला धरून आणतात आणि स्मरणशक्तीचं टॉनिक मागतात. नाही हो असं टॉनिक! ब्राह्मीच्या कॅप्सूल, भिजवलेले बदाम, मोबाइलवर फिरणारा लसूण-लिंबाचा ‘नस उघडणारा’ काढा, यांतलं काहीही बंद केलेल्या गोळीची जागा घेत नाही.

मेंदू वजनाला शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण प्राणवायू ओढतो सुमारे २० टक्के. वाढलेलं बीपी आणि साखर त्याच्या बारीक रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं बिघडवत राहतात, आणि बहुतेकांचं डोकंसुद्धा दुखत नाही.

माझे एक पेशंट निवृत्त एसटी कंडक्टर. टप्प्याटप्प्याचं भाडं तोंडपाठ असलेला हा माणूस भाजीवालीपुढे सुटे पैसे हातात धरून नुसता उभा राहू लागला. घरचे म्हणाले, वय झालं. सुनेला मात्र ते पटलं नाही. तपासलं तर बीपी १७८/१०४! गोळ्या केव्हाच बंद, कारण ‘नॉर्मल आलं होतं’. अहो, गोळीमुळेच आलं होतं! एमआरआयमध्ये लहान लहान स्ट्रोकच्या खुणा दिसल्या. एकही त्यांना जाणवला नव्हता. गेलेला हिशेब परत आला नाही. घसरण मात्र सध्या थांबल्यासारखी आहे.

चष्मा कुठे ठेवला हे विसरलात तर घाबरू नका, मीही विसरतो. ओळखीच्या गल्लीत वाट चुकणं, तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं, पैशांचे व्यवहार न जमणं, स्वभावच बदलणं, असं दिसलं तर मात्र तपासायला आणा. कधी बी-१२ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य निघतं आणि उपचारांनी फरक पडतो. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली तर थेट १०८. बोटांना सुया टोचत बसू नका. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. दहा मिनिटांत बरं वाटलं तरी निघा.

‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ आयोगानं २०२४ साली मांडलं की जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टाळता किंवा लांबवता येण्यासारखा आहे. मध्यम वयातलं बीपी, मधुमेह, वाईट कोलेस्टेरॉल, लठ्ठपणा, धूम्रपान ही त्यातली कारणं. म्हणून चाळिशीतच मोजायला लागा. गोळीनं उठताना गरगरलं तर सांगा, डोस बदलता येतो. शेजाऱ्याची गोळी तेवढी घेऊ नका. तुमची मूत्रपिंडं त्याच्यासारखी असतीलच असं नाही.