आजोबांची दोन लग्नं

न्यू जर्सीच्या चुलतभावाचा निरोप सकाळी सहाला आला. "ताई, आजोबांचं आधी एक लग्न झालं होतं आणि ती बाई वर्षाच्या आत गेली, हे आम्हाला कधी कुणी बोललंच नाही. वाचून फार वाईट वाटलं." गॅसवरचा चहा उतू गेला. आजोबांचं लग्न एकदाच झालं होतं. आणि 'ती बाई' म्हणजे आमची आजी २०१७ च्या दिवाळीपर्यंत माझ्या हातचा मेतकूट-भात खाऊन "मीठ कमी आहे गं" म्हणत होती.

त्या बिचाऱ्याची काही चूक नव्हती. ऑनलाइन वंशावळीत तसंच दिसत होतं. आजोबांच्या नावाला दोन पत्नी जोडलेल्या. एकीशी विवाह १९४७ साली, दुसरीशी १९४८ साली. पहिलीच्या पानावर कुणी लांबच्या नातेवाइकाने "मृत्यू : १९४८ पूर्वी" असं भरून ठेवलेलं. त्याने सरळ हिशेब केला होता: दुसरं लग्न झालं म्हणजे पहिली गेली असणार.

आजीला मारणारा तो, पण त्याच्या हाती तो दगड दिला मीच.

झालं असं. २०२० च्या टाळेबंदीत घरोघरी लोक केक करत होते, तेव्हा मी वंशावळ करायला बसले. निवडलेलं संकेतस्थळ मोफत होतं आणि तिथे सगळ्या जगाचं मिळून एकच झाड आहे. हयात माणसांची माहिती ज्याची त्यालाच दिसते, गेलेल्यांची मात्र सगळ्यांना दिसते आणि कुणालाही बदलता येते. काकांच्या वहीत आजोबांच्या नावापुढे "विवाह शके १८६९" एवढंच होतं. शकात ७८ मिळवायचे हे शाळेपासून ठाऊक. १९४७ भरलं. लग्न मुलीच्या दारात लागतं, म्हणून ठिकाण आजीच्या माहेरचं, सातारा जिल्ह्यातलं गाव भरलं. खाली दोन रकाने होते: या माहितीला आधार कोणता, आणि ती बरोबर का वाटते. दोन्ही कोरे ठेवले. घरच्याच माहितीला पुरावा कसला मागायचा, असं वाटलं. आजीपुढे 'हयात नाही' अशी खूण केली आणि मृत्यूची तारीख नंतर भरू म्हणून सोडून दिली.

इकडे आजीच्या माहेरच्या कुणीतरी त्यांची शाखा भरली होती. तिथे आजी होती, पण माहेरच्या नावाने. आजीचं माहेरचं नाव फुलाचं आणि सासरचं देवीचं. तांदळात अंगठीने लिहिलेलं सासरचं नाव एकदा मिळालं की माहेरचं नाव माहेरीच राहायचं. आडनाव तर बदललेलंच. त्या नोंदीत लग्न १९४८ चं होतं, तेही आधाराशिवाय. दोन्ही शाखांतले आजोबा एकच दिसल्यावर कुणीतरी त्या दोन नोंदी एकत्र केल्या. पुरुषाचं नाव बदलत नाही, त्यामुळे आजोबांचा एक माणूस झाला. आजीच्या मात्र दोन बायका झाल्या.

आता खरं साल कोणतं? घरच्या ग्रुपवर दोन दिवस तेच चाललं. काका वहीवर ठाम. मला आजीचं बोलणं आठवत होतं. ती तीन गोष्टी हमखास सांगायची: लग्न जळितानंतर महिन्याभरात झालं, वाड्यात नाही, पुण्याला मामांच्या दोन खोल्यांत लागलं, आणि "लग्नात माझ्या अंगावर नेसलेलं लुगडं होतं." ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींची हत्या झाली, मारेकरी महाराष्ट्रीय ब्राह्मण निघाला, आणि पुढच्या दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. आमच्याकडे त्याला नुसतं 'जळित' म्हणतात. लग्न १९४७ चं धरलं तर आजीची पहिलीच गोष्ट खोटी पडते. काका म्हणाले, "म्हातारपणी आठवणींची सरमिसळ होते. आधी लग्न झालं असेल, मग जळित."

मी ऐकून घेतलं. आजही त्याची टोचणी आहे. बिनपुराव्याची माझी तारीख पडद्यावर ठळक अक्षरांत होती, एवढ्यावरून ती आजीच्या तोंडच्या शब्दापेक्षा खरी ठरत होती.

गोंधळ ७८ चा होता. शके वर्ष पाडव्याला सुरू होतं. पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ७८ मिळवायचे. १ जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. माघ-फाल्गुनातल्या प्रत्येक लग्नाला ७८ मिळवलं की ते एक वर्ष आधी जाऊन पडतं. काकांच्या वहीत महिना नव्हता. म्हणजे मला फार तर "१९४७ किंवा १९४८" इतकंच म्हणता येत होतं. त्यातलं एक मी परस्पर ठरवून टाकलं होतं.

मग आजीच्या भाचीने, आमच्या कोथरूडच्या मावशीने, लग्नपत्रिकेचा फोटो पाठवला. "माघ वद्य ५, शके १८६९, सर्वजित् नाम संवत्सर." माघ म्हणजे ७९. तारीख १९४८ च्या फेब्रुवारीअखेर. जळितानंतर महिन्याभरात! आजीची पहिली गोष्ट खरी निघाली. मी घाईघाईने तो फोटो आजोबांच्या पानाला जोडला आणि सुटले.

ही दुसरी चूक. आजीच्या पानावर त्याचा मागमूस नव्हता. तिचं पान उघडणाऱ्याला पुरावा नाहीच असं दिसत होतं. लग्न ही एका माणसाची माहिती नव्हे. वंशावळीची माहिती एका संगणकातून दुसऱ्यात नेण्यासाठी जेडकॉम नावाची रचना वापरतात, त्यातही जन्म-मृत्यू माणसाच्या नोंदीत असतात आणि लग्न 'कुटुंबा'च्या नोंदीत. म्हणून पुरावा नवऱ्याच्या किंवा बायकोच्या पानावर टांगून भागत नाही. दोघांना जोडणारी चौकट उघडायची, लग्नाची तारीख-ठिकाण तिथे भरायचं आणि आधारही तिथेच जोडायचा. पाहिजे तर दोघांच्या पानांवरही जोडा, पण आधी त्या गाठीला जोडा.

वर्षाचा प्रश्न मिटला. ठिकाणाचा उलट चिघळला. पत्रिकेत विवाहस्थळ म्हणून आजीच्या माहेरचा वाडा छापलेला होता. काका म्हणाले, "बघ, छापील आहे. पुण्याच्या दोन खोल्या कुठून आल्या?" छापील म्हटल्यावर मीही गप्प बसले. ठिकाण होतं तेच राहू दिलं, आणि आता तर त्याला पुरावाही जोडलेला होता.

पुढे महिन्याभराने मावशीकडे हळदीकुंकवाला गेले, तेव्हा ती पत्रिका हातात घेतली. पिवळसर पडलेला, घडीवर विरलेला कागद. सहज उलटला. मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलीने मोडीत काहीतरी लिहिलेलं. फक्त आकडे वाचता येत होते: १, ५, २, १. मावशी म्हणाली, "तो काहीतरी हिशेब आहे गं, म्हणून फोटो नाही काढला." मी काढला आणि मोडी वाचणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांना पाठवला. रात्री त्यांचा फोन आला. "हिशेब नाही, आहेराची यादी आहे. वर लिहिलंय, मुक्काम पुणे, माघ वद्य ५."

मग सगळं जुळलं. पत्रिका जळिताआधी पुण्यात छापल्या होत्या आणि गठ्ठा मामांकडेच होता, म्हणून वाचला. जळितात वाडा गेल्यावर त्या वाटायचा प्रश्नच उरला नाही. उरलेल्या पत्रिकांच्या पाठीवर घरातल्या कुणीतरी आहेर टिपून घेतला. एकाच कागदाच्या पुढच्या बाजूला काय ठरलं होतं ते होतं, मागच्या बाजूला काय घडलं ते.

यातून मी शिकले ते तुम्हाला सांगते.

कागद हातात असेल तर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोरी बाजू असली तरी काढा. पाकीट, पाकिटावरचा टपालाचा शिक्का, कोपऱ्यातलं छापखान्याचं नाव, काही सोडू नका.

कुठला कागद काय सिद्ध करतो, हे जोडण्याआधी स्वतःला विचारा. पत्रिका म्हणजे बेत. लग्न तिथे, त्या दिवशी लागलंच, हे ती सांगत नाही. आहेराची यादी, लग्नखर्चाची वही, अभिनंदनाची पत्रं प्रसंगाच्या जास्त जवळची. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन तारखा असतात, लग्नाची आणि नोंदणीची. घाईत दुसरीच भरली जाते. आपल्याकडे पासपोर्ट-व्हिसासाठी कितीतरी जोडप्यांनी संसाराची वीस-तीस वर्षं झाल्यावर नोंदणी केली आहे. आणि जुन्या लग्नांचा सरकारी दाखला सापडला नाही तर खचू नका. महाराष्ट्राचा सध्याचा विवाह नोंदणीचा कायदा १९९८ चा, आणि सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करा असं सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं ते २००६ साली. आजी-पणजीच्या लग्नाचा कागद बहुधा घरातच सापडायचा. माहेर गोव्यातलं असेल तर तुम्ही नशीबवान. तिथे पोर्तुगीज काळापासून नागरी नोंदणी आहे.

छापील कुळवृत्तांत मोलाचा, पण तो कुणीतरी कुणाला विचारून लिहिलेला असतो. पुष्कळदा सुनेचं माहेर एका ओळीत आणि लेकीचं सासर अर्ध्या ओळीत उरकलेलं असतं. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्यातले लोक स्वतः नावं सांगून सही करून गेलेले असतात, तिथे जोडपं म्हणून नोंद सापडू शकते. पण ती यात्रेच्या दिवसाची. लग्न त्याआधी कधीतरी झालेलं होतं, एवढंच तिच्यावरून म्हणावं.

आधार लिहिताना तीन गोष्टी वेगवेगळ्या ठेवा: कागदात काय आहे ते जसंच्या तसं; तो कागद कुणाकडे, कुठे आहे, वही असेल तर पान कितवं, फोटो कुणी कधी काढला; आणि त्यावरून तुम्ही काय ठरवलंत. "माघ वद्य ५ शके १८६९" हा कागद आहे. "फेब्रुवारी १९४८" हे माझं गणित आहे. दोन्ही लिहिलेलं असेल तर माझं गणित चुकलं तरी पुढच्याला ते दुरुस्त करता येतं. गणित पडताळायला संवत्सराचं नाव आणि वार कामी येतात. संवत्सर साठ वर्षांनीच परत येतो. मराठवाड्यातल्या निजामकालीन कागदावर फसली सन असेल, त्याला शकाचं गणित लावू नका.

नवीन नोंद करण्याआधी बाईला दोन्ही नावांनी शोधा, माहेरच्या आणि सासरच्या. सापडली तर दुसरं नाव पर्यायी नाव म्हणून त्याच पानावर टाका. आणि दोन नोंदी एकत्र करताना नवऱ्यापाशी थांबू नका. बायकांच्या नोंदी पाहिल्याशिवाय ते बटण दाबू नये. दाबलं गेलंच, तर बदलांचा इतिहास असतो, तिथून मागे जाता येतं. माझ्या दोन आज्या मी तशाच एक केल्या.

दोन पुरावे भांडत असतील तर चुकीचा वाटणारा काढून टाकू नका. तो ठेवा आणि का मानला नाही ते लिहा. मी पत्रिकेची पुढची बाजू ठेवली आहे. नाहीतर उद्या कुणाला ती सापडेल आणि तो मोठ्या उत्साहाने लग्न पुन्हा वाड्यात लावेल.

हयात माणसांचे दाखले मात्र टाकू नका. त्यावर पत्ते असतात, सह्या असतात, साक्षीदारांचीही नावं असतात.

आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर मोबाइल समोर ठेवून त्याला बोलू द्या. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा, कोण कोण हजर आहे, ते सांगून ठेवा. तोंडी सांगणं हाही आधारच. 'आजीने सांगितलं, अमुक दिवशी, मला' एवढं लिहिलं तरी ते कोऱ्या रकान्यापेक्षा वजनदार असतं. मी आजीचं बोलणं कधी रेकॉर्ड केलं नाही. म्हणून काकांना दाखवायला माझ्याकडे काही नव्हतं.

आता आजी-आजोबांना जोडणाऱ्या त्या चौकटीत ठिकाण पुणे आहे, आणि आधार म्हणून पत्रिकेच्या दोन्ही बाजू आहेत. यादी मी ओळीने उतरवून घेतली आहे. तांब्या १. रोख रुपये ५. खण २. साखर १ शेर. आणि चौथ्या-पाचव्या ओळीनंतर, "लुगडे १, नेसलेले." काकांना ती ओळ फोनवर वाचून दाखवली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ठिकाण बदल."

शेवटी "मृत्यू : १९४८ पूर्वी" पुसायचं राहिलं होतं. पुसताना संकेतस्थळाने कारण विचारलं. मी रागाने लिहिलं, "या बाईंनी २०१७ साली माझ्या हातचा भात खाल्ला आहे." मग ते खोडलं, कपाटातून महापालिकेचा मृत्यू दाखला काढला आणि त्याचा फोटो काढायला घेतला. दोन्ही बाजूंचा.