विकलं चारशेला, उरलं किती?

कामणच्या एका गाळ्यातून मी आणि माझ्या रूममेटने २०० रुपयांना एक असे टेबल लॅम्प घेतले, तेही मेसच्या पैशातून! ऑनलाइन ४०० ला विकायला ठेवले. वाटलं, सरळ दुप्पट. महिन्याने खातं बघितलं आणि डोळे उघडले. म्हणून हा हिशोब.

ऑनलाइन बाजार आपल्याकडे नवा नाही. मुंबईची बाझी डॉट कॉम ईबेने २००४ मध्येच विकत घेतली. बाजार चालवणारा विक्रेत्याकडून भाडं घेतो, फक्त त्याची नावं वेगळी असतात.

आमच्या एका लॅम्पचं गणित:

कमिशन १० टक्के – ४० रु.
ठरावीक फी – २० रु.
कुरिअर – ६० रु.
या १२० वर जीएसटी १८ टक्के – २१.६० रु.
पॅकिंग – १० रु.
लॅम्प – २०० रु.
उरले – ४८.४० रु.

जीएसटी नोंदणी असेल तर फीवरच्या कराचं क्रेडिट मिळतं. आमची नव्हती. नोंदणीशिवाय ऑनलाइन माल विकायची मुभा ऑक्टोबर २०२३ पासून आहे, पण फक्त राज्यातल्या राज्यात.

खरी गोम परतीत आहे. लॅम्प परत आला की कमिशन आणि फी सुटते, पण जाण्यायेण्याचं कुरिअर १२०, त्यावर कर २१.६० आणि पॅकिंग १०, म्हणजे १५१.६० रुपये गेले. दहात एक परत आला तर दहांमागे २८४ रुपये उरतात, दोन आले तर ८४. तीन आले की ११६ रुपये खिशातून!

कमिशन टक्क्यांत असतं, कुरिअर रुपयांत. म्हणून स्वस्त वस्तूला ते जास्त झोंबतं. तेव्हा किंमत ठरवण्याआधी वहीत परतीची ओळ लिहा. आम्ही ती शेवटी लिहिली.