नाशिकची द्राक्षभूमी : हवा, जमीन आणि वाईनच्या जाती

द्राक्षवेल ही मूळची समशीतोष्ण प्रदेशातील. फ्रान्समधील बोर्दो हा प्रांत सुमारे ४५ उत्तर अक्षांशावर आहे. तेथे हिवाळ्यात वेलीची पाने गळतात व ती निद्रिस्त होते. मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षे उतरविली जातात. हा सर्व क्रम ऋतूंनीच ठरवून दिलेला असल्यामुळे वेल केव्हा जागी व्हावी हा प्रश्न तेथील बागाईतदारापुढे येत नाही.

नाशिक मात्र सुमारे २० उत्तर अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले आहे. येथील थंडी वेलीला झोप आणण्याइतकी कडक नसते. वेल वर्षभर हिरवी राहते, आणि तिला तिच्या मनाप्रमाणे वाढू दिल्यास फुटवे, फुले व फळे यांचा मेळ राहत नाही. शिवाय भर पावसाळ्यात आलेला घड रोगाच्या तडाख्यातून सुटत नाही. म्हणून येथे ऋतूचे काम कात्रीला करावे लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, म्हणजे दोन छाटण्या आणि पीक एकच, ही पद्धत महाराष्ट्रातील द्राक्षशेतीचा कणा होय.

खरड छाटणीचा काळ सोयीसाठी निवडलेला आहे असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. पुढील हंगामात कोणत्या डोळ्यातून घड निघणार व कोणत्यातून नुसता वांझ फुटवा, हे या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत काडीच्या आत ठरून जाते. या सूक्ष्म घडनिर्मितीस भरपूर सूर्यप्रकाश लागतो. एप्रिल-मेच्या स्वच्छ उन्हात ती साधते; छाटणी लांबून हा काळ जून-जुलैच्या ढगाळ हवेत गेला, तर घडांची संख्या घटते. फळछाटणीनंतर घड का दिसत नाहीत याचे उत्तर अनेकदा सहा महिने मागे सापडते.

वाईनच्या दृष्टीने खरा पेच फळछाटणीच्या तारखेत आहे. बोर्दोमध्ये द्राक्ष पक्व होताना दिवस लहान व थंड होत जातात. नाशिकमध्ये नेमके उलट घडते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सियसच्या आसपास उतरते, निफाडकडे तर त्याहूनही खाली. परंतु फेब्रुवारीपासून ऊन चढू लागते आणि मार्चमध्ये दुपारचे तापमान ३५ अंशांच्या घरात जाते. द्राक्षातील आम्लांपैकी टार्टारिक आम्ल बरेच स्थिर असते. मॅलिक आम्ल मात्र उष्णतेत झपाट्याने खर्ची पडते. साखर भरत असताना रात्री थंड असतील तर हे आम्ल टिकते व वाईनला तरतरी येते. उन्हाच्या तावडीत सापडलेल्या घडात गोडी असते, पण रस सपक होतो. खाण्याच्या द्राक्षात हा दोष फारसा जाणवत नाही. वाईनमध्ये तो पहिल्याच घोटाला कळतो.

यावर लवकर छाटणी हा उपाय सुचतो, परंतु त्यातही धोका आहे. सप्टेंबरमध्ये छाटलेल्या बागेच्या कोवळ्या फुटीवर परतीचा पाऊस पडला, की केवडा रोग पाने व घड दोन्ही धरतो. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील अवकाळी पावसाने नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागांची मोठी हानी केली. उशिरा छाटावे तर मार्चचे ऊन, लवकर छाटावे तर केवडा. या दोहोंमधील अरुंद वाटेवरच नाशिकची वाईन उभी आहे. म्हणून सर्व बाग एकाच आठवड्यात छाटण्याऐवजी जातीनुसार व प्लॉटनुसार छाटण्या विभागणे शहाणपणाचे.

पावसाच्या बाबतीत एकाच जिल्ह्यात किती अंतर पडते हे लक्षात घेण्याजोगे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील इगतपुरीस वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. तेथून पूर्वेस सुमारे ५० किलोमीटरवर असलेले सिन्नर पर्जन्यछायेत येते आणि ५००-६०० मिलिमीटरवर भागवते. गंगापूर व दिंडोरीचा पट्टा या दोन टोकांच्या मध्ये पडतो. शेजारच्या गावाचे छाटणीचे वेळापत्रक जसेच्या तसे उचलणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

आता जमिनीकडे वळू. जिल्ह्यातील बहुतेक जमीन दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसाल्टपासून बनलेली असली तरी तिचा मगदूर जागोजागी बदलतो. टेकड्यांच्या उतारावर उथळ, मुरमाड, चांगल्या निचऱ्याची जमीन आढळते. गोदावरी व कादवा यांच्या काठची जमीन काळी, खोल आणि चिकण. धान्याच्या व उसाच्या शेतकऱ्याला ही काळी जमीन म्हणजे सोने. वाईनच्या वेलीला ती फार लाड करणारी आई ठरते. ओल व अन्न मुबलक मिळाल्याने वेल पाल्यातच रमते, घड सावलीत पडतात, मण्यात पाणी भरते आणि रंग व स्वाद पातळ होतात. मुरमाड जमिनीत पाणी मोजून देता येते. मणी पक्व होताना पाण्याचा थोडा ताण बसला की मणी लहान राहतो, आणि रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. तांबड्या वाईनचा रंग व तुरटपणा मुख्यतः सालीतून येतो, हे येथे ध्यानात घ्यावे.

बोर्दोच्या शेतकऱ्यांनी हा विवेक अनुभवाने मिळविला आहे. तेथील मेदोक भागातील गोटाळ, लवकर तापणाऱ्या जमिनीत उशिरा पिकणारी काबेर्ने सोव्हिन्यों ही जात लावतात. पोमेरोलच्या थंड चिकणमातीत लवकर पिकणारी मेर्लो. दोन्ही भाग एकाच प्रांतात, एकाच हवेत आहेत; जात बदलली ती जमिनीमुळे.

आपल्याकडे क्षार व पाणीटंचाई यांमुळे खुंटाचाही विचार करावा लागतो. डॉग्रिज हा खुंट दोन्ही सहन करतो म्हणून महाराष्ट्रात सर्वत्र पसरला. पण तो वेलीला जोमदार वाढवितो. खोल काळ्या जमिनीत वाईनच्या जातीसाठी हा जोम डोईजड होतो. अशा ठिकाणी ११०-आर यासारखा मध्यम जोमाचा खुंट विचारात घ्यावा.

जातींमध्ये पांढऱ्या वाईनसाठी सोव्हिन्यों ब्लां व शेनें ब्लां, तांबड्यासाठी शिराझ व काबेर्ने सोव्हिन्यों यांची लागवड नाशिक भागात अधिक आहे. सोव्हिन्यों ब्लां लवकर पिकते, त्यामुळे थंडी ओसरण्यापूर्वी तिची तोडणी साधते. मात्र तिचे घड घट्ट असल्याने आत ओल राहून कूज लागते. शेनें ब्लां आम्ल टिकविण्यात चिवट, म्हणून उष्ण प्रदेशास मानवते. शिराझ ऊन सोसते. काबेर्ने उशिरा पिकते, आणि तिच्यासाठी हलकी जमीन राखून ठेवावी.

या जातींचे मणी लहान, जाड सालीचे व बियांचे असतात. थॉमसन सीडलेसप्रमाणे संजीवके देऊन मणी फुगविण्याचा मोह येथे सर्वस्वी टाळला पाहिजे. उत्पन्नही एकरी चार-पाच टनांच्या आसपास आवरावे. घड वाढवून वजन मिळेल, पण दर मिळणार नाही.

दराचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे. २००१ मध्ये महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण जाहीर केल्यावर वाईनच्या जातींची लागवड झपाट्याने वाढली. २००८ नंतरच्या मंदीत मागणी घटली, माल उचलला जाईना आणि अनेक शेतकऱ्यांनी उभ्या बागा तोडल्या. खाण्याचे द्राक्ष एका व्यापाऱ्याने नाकारले तर दुसरा घेतो, निदान बेदाणा तरी करता येतो. बियांच्या, बारीक मण्यांच्या वाईन-द्राक्षाला वाईनरीखेरीज दुसरे गिऱ्हाईक जवळजवळ नाही. म्हणून रोपे आणण्यापूर्वी वाईनरीशी लेखी करार करावा. त्यात जात, क्षेत्र, मुदत, गोडीनुसार दर आणि माल नाकारण्याच्या अटी स्पष्ट असाव्यात.

तोडणी जवळ आली की दर दोन-तीन दिवसांनी प्लॉटच्या निरनिराळ्या भागांतून, उन्हाच्या व सावलीच्या दोन्ही बाजूंचे मणी गोळा करून नमुना तपासावा. पांढऱ्या जातींसाठी साधारणपणे २१ ते २३ व तांबड्यांसाठी २३ ते २५ अंश ब्रिक्स गोडी पाहतात. परंतु केवळ गोडीवर न जाता आम्ल व सामू हेही मोजून घ्यावेत. घड पहाटे, उन्हे चढण्यापूर्वी उतरवावेत आणि उथळ क्रेटमध्ये, दाबले जाणार नाहीत अशा बेताने, त्याच सकाळी वाईनरीस पोहोचवावेत.