गोठ्यातील इंधन आणि घरखर्चाचा मेळ

कोल्हापूर जिल्ह्यात दुधाचे बिल दर दहा दिवसांनी मिळते. पशुखाद्याची कपात वजा जाता हाती येणाऱ्या रकमेतून किराणा, मुलांच्या वह्या, औषधपाणी, विजेचे बिल आणि गॅसची टाकी एवढ्यांची वाटणी गृहिणीला करावयाची असते. किराणा लांबविता येत नाही. विजेचे बिल थकले तर जोडणी तुटण्याची भीती असते. म्हणून काटछाटीची पहिली कुऱ्हाड पडते ती टाकीवर. टाकी संपली की दुसरी आणण्याऐवजी मागील दारची चूल पुन्हा पेटते आणि जळण गोळा करण्याचे काम घरातील बायका-मुलींच्या वाट्यास येते. एप्रिल २०२५ मधील दरवाढीनंतर मुंबईत १४.२ किलोच्या घरगुती टाकीचा दर ८५२ रुपये ५० पैसे झाला होता. मजुरीवर चालणाऱ्या घरास एवढी रक्कम एकरकमी काढणे किती जड जाते, हे ग्रामपंचायतीच्या सदस्यांना निराळे सांगावयास नको.

या प्रश्नावर कोल्हापूर जिल्ह्याने फार पूर्वी एक उत्तर शोधले. ते म्हणजे गोबरगॅस. शेणापासून ज्वलनशील वायू मिळतो ही माहिती आपल्याकडे जुनीच आहे; मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात १८९७ मध्येच असा वायू वापरात आणला गेला होता. पुढे जशभाई पटेल यांनी १९५० च्या सुमारास तरंगत्या लोखंडी टाकीचे ‘ग्रामलक्ष्मी’ संयंत्र तयार केले आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाने त्या धर्तीच्या संयंत्राचा देशभर प्रसार केला. १९८१-८२ पासून केंद्र शासनाचा राष्ट्रीय बायोगॅस विकास प्रकल्प सुरू झाला, तेव्हापासून कोल्हापूर जिल्हा या कामात राज्यात दीर्घकाळ आघाडीवर राहिला.

याचे कारण केवळ शासकीय उद्दिष्ट नव्हे. येथील म्हैस रानोमाळ हिंडत नाही, ती गोठ्यात बांधलेली असते. त्यामुळे शेण एके ठिकाणी मिळते. गोठा घराला लागून असतो, पाणी बहुतेक गावांत जवळ आहे, आणि संयंत्रातून बाहेर पडणारी मळी उसाच्या शेतात सहज खपते. चौथे कारण सहकाराचे. १९६३ साली स्थापन झालेला जिल्हा दूध संघ, म्हणजेच ‘गोकुळ’, आणि गावोगावच्या प्राथमिक दूध संस्था यांच्यामुळे जनावर पाळणाऱ्या प्रत्येक घराचा हिशेब गावातच एका वहीत असतो. कर्जाचा हप्ता दूध बिलातून वळता करण्याची सोय झाली, की संयंत्र बांधण्यास लागणारी मोठी रक्कम लहान तुकड्यांत विभागता येते. अलीकडच्या वर्षांत ‘गोकुळ’ने राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या सहकार्याने सभासदांच्या गोठ्याशेजारी लवचीक पिशवीची संयंत्रे बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला, तो याच परंपरेतील होय.

आता थोडा हिशेब पाहू. शिक्षकांनी तो वर्गात फळ्यावर मांडण्यास हरकत नाही. २५ किलो ताज्या शेणापासून दिवसाला साधारणतः १ घनमीटर वायू मिळतो. चार-पाच जनावरांच्या घरात ५० किलो शेण निघते, म्हणजे २ घनमीटरचे संयंत्र चालते. १ घनमीटर वायू हा सुमारे ०.४३ किलो टाकीतील गॅसच्या बरोबरीचा. त्यानुसार ३० दिवसांत जवळजवळ २६ किलो गॅसची बचत व्हावयास हवी. प्रत्यक्षात शेण कमी पडते, थंडीत वायू कमी निर्माण होतो, कधी गळती होते. तरीही निम्मा वायू हाती आला, तर महिन्याला एक टाकी वाचल्यासारखेच होते. शिवाय शेण जळून जात नाही. शेणी थापून जाळल्या तर खत गेले. संयंत्रातून मात्र वायू काढून घेतल्यावरही नत्र मळीत शिल्लक राहते आणि रासायनिक खताच्या एखाद्या पोत्याचा खर्च टळतो.

संयंत्राचे कार्य अवघड नाही. शेण आणि पाणी समभाग कालवून तो शेणकाला रोज टाकीत सोडावयाचा. हवाबंद टाकीत सूक्ष्म जंतू त्याचे विघटन करतात आणि मिथेनयुक्त वायू वर जमतो. पहिल्या भरणीस मात्र धीर लागतो. ४० दिवसांच्या क्षमतेच्या, २ घनमीटरच्या संयंत्रात सुरुवातीलाच सुमारे २,००० किलो शेण व तेवढेच पाणी घालावे लागते. एवढे शेण जमविताना शेजाऱ्यांची मदत झाली नाही, तर नवे संयंत्र महिना-दोन महिने अर्धवट पडून राहते आणि घरच्यांचा उत्साह मावळतो. ही मदत कोणत्याही योजनेत लिहिलेली नसते, पण तिच्यावाचून पुष्कळ संयंत्रे अडली आहेत.

एका गावी प्रस्तुत लेखकाने गोठ्यामागे बंद पडलेले संयंत्र पाहिले. घुमट शाबूत होता, शेणही होते. बिघाड एवढाच, की शेगडीकडे येणाऱ्या नळीत पाणी साचले होते आणि रबरी नळी उंदरांनी कुरतडली होती. ते दुरुस्त करणारा माणूस गावात नव्हता, म्हणून त्या घरात टाकी विकत आणली जात होती. संयंत्र बांधण्यासाठी मात्र अनुदान मिळालेले होते! २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठीच्या राष्ट्रीय जैवऊर्जा कार्यक्रमात लहान संयंत्रांना आकारमानाप्रमाणे ९,८०० ते ७०,४०० रुपयांपर्यंत साहाय्य ठेवलेले होते. साहाय्य आवश्यक आहेच. परंतु आमच्या मते गावाला अधिक निकड आहे ती एका जाणत्या गवंड्याची आणि नळजोडणी समजणाऱ्या एका तरुणाची. लोखंडी टाकीला वर्षाकाठी रंग हवा, नाहीतर ती गंजते. सिमेंटच्या घुमटाला केसाएवढी भेग पडली तरी वायू निसटतो. ही देखभाल दूध संस्थेने अल्प शुल्क आकारून आपल्याकडे घेतली, तर नवी बांधण्यापूर्वी जुनी संयंत्रे चालू होतील.

ज्यांच्या दारात जनावर नाही, त्यांचे काय, हा खरा कठीण प्रश्न आहे. भूमिहीन मजुराला गोबरगॅसचा उपयोग नाही. गावाचे सामुदायिक संयंत्र हा त्यावर उपाय सांगितला जातो, आणि गोबरधन योजनेत प्रत्येक जिल्ह्यासाठी ५० लाख रुपयांपर्यंतची तरतूद ठेवण्यात आली होती. पण रोज घरोघरचे शेण गोळा कोणी करावयाचे, यावरच असे प्रयत्न अडखळतात. शौचालय जोडलेल्या संयंत्राचा पर्याय देहूच्या डॉ. मापुसकर यांनी ‘मलप्रभा’ संयंत्राच्या रूपाने दाखवून दिला. त्यातील वायू एका कुटुंबाच्या स्वयंपाकास पुरत नाही, तो जोडीला म्हणून उपयोगी पडतो. त्यावर शिजविण्याचा संकोचही अद्याप पुरता गेलेला नाही.

तेव्हा अशा घरांना टाकीचेच साहाय्य मिळवून द्यावयास हवे. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेत जोडणी मिळालेल्या कुटुंबांसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रत्येक टाकीमागील अनुदान ३०० रुपये करण्यात आले. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेद्वारे पात्र कुटुंबांना वर्षाला ३ टाक्यांचा खर्च देण्याचे ठरविले. पैसे आधी भरावयाचे आणि परतावा नंतर खात्यात यावयाचा, ही अडचण मजूर घरांना जाणवते. महिला बचत गटाने तेवढ्यापुरती उसनवार दिली, तर ती दूर होऊ शकते. शिरोळ-हातकणंगले भागात गळीत हंगामात येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांकडे तर कोणाचेच लक्ष जात नाही. त्यांच्या खोपीपुढे तीन दगडांची चूल असते. ऑगस्ट २०२१ मधील उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात स्थलांतरितांना पत्त्यासाठी स्वयंघोषणापत्र चालेल असे ठरले होते. ही सवलत ज्यांच्यासाठी होती, त्यांच्या कानापर्यंत ती किती पोहोचली, याची विचारपूस साखर कारखान्याचे शेती कार्यालय आणि गावचा ग्रामसेवक यांनी एकत्र बसून करावयास हवी.

एक बाब वेळापत्रकाची. उद्दिष्ट पूर्ण करण्याची घाई मार्चमध्ये होते. त्या वेळी गवंडी मिळत नाही, सिमेंटला पुरेसे पाणी मारले जात नाही आणि घुमट पुढे गळतो. राधानगरी, भुदरगडसारख्या पावसाच्या तालुक्यांत जून ते सप्टेंबर खड्डा खणता येत नाही. नदीकाठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ च्या पुराची पातळी पाहूनच जागा निवडावी. पावसाळ्याचे हे चार महिने बंद संयंत्रांची आणि जनावर नसलेल्या घरांची यादी करण्यास योग्य आहेत. ती यादी ग्रामसभेपुढे ठेवून दसऱ्यापर्यंत गवंडी ठरविला, तर दिवाळीनंतर काम सुरू होऊन जानेवारीत भरणी करता येते.