ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशन: चालू की बंद?

प्रश्न: ट्रायपॉडवरून १००-४०० लेन्सनं काढलेले चंद्राचे फोटो हातात धरून काढलेल्यांपेक्षा पुसट आले. असं का? मोनोपॉडवर काय करावं?

उत्तर: ट्रायपॉड घट्ट उभा असेल, तर स्टॅबिलायझेशन बंद करा. लेन्समधले जायरो सेन्सर हात थरथरण्याची वाट पाहत असतात. थरथर नसली, तरी शटरचा बारीक धक्का किंवा स्वतःच्या भिंगाचं कंपन यांनाच ते हालचाल समजतात आणि भिंग उगाच सरकवत राहतात. (आजारच नसताना औषध!) कॅननच्या १९९८च्या पहिल्या १००-४०० लेन्सला ट्रायपॉड ओळखता येत नाही, नंतरच्या बऱ्याच लेन्सना येतो. तुमची कुठली, ते माहितीपुस्तिकेत पाहा. शिवाय २ सेकंदांचा टायमर लावा. बोटाचा धक्काही फोटो बिघडवतो.

मोनोपॉडवर मात्र चालूच ठेवा. तो वजन पेलतो, पण डोलणं थांबवत नाही. भिगवणला पक्षी पाहायच्या होडीत किंवा इंजिन सुरू असलेल्या जीपमध्ये बीनबॅगवरही चालूच. उडत्या पक्ष्यामागे कॅमेरा फिरवताना स्टॅबिलायझेशनचा मोड २ निवडा. ट्रायपॉडचं हेड सैल असेल किंवा वारा असेल, तर स्टॅबिलायझेशन चालू आणि बंद अशा दोन्ही प्रकारे फोटो काढून स्क्रीनवर मोठे करून बघा.