सवाईच्या आधीचे तीन महिने

(भाची लातूरहून नोकरीसाठी पुण्यात आलेली. मावशी सदाशिव पेठेत राहणारी, हौशी नाट्यसंस्थांचा कपडेपट वर्षानुवर्षं सांभाळणारी. गणपती नुकतेच गेलेत.)

भाची : मावशी, ऑफिसात सगळे सवाईचंच बोलायलेत. पण ते तर डिसेंबरात. तोवर गाणं, नाटक, काहीच नसतं का इथं?

मावशी : अगं, सवाईला जाच. 1953 साली भीमसेन जोशींनी आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केलेला महोत्सव तो, त्याला तोड नाही. पण तिथं तुला तयार झालेले कलावंत ऐकायला मिळतील. कलावंत तयार होताना बघायचे असतील, तर पुण्यात हे आत्ताचे तीन महिने. भाद्रपद सरता सरता सुरू होतं ते कार्तिकापर्यंत. मला विचारशील तर मी सवाईपेक्षा याच दिवसांची जास्त वाट बघते.

भाची : मग सुरुवात कुठून करू?

मावशी : भरत नाट्य मंदिरातून. इथून चालत जाता येतं. पुरुषोत्तम करंडकाची अंतिम फेरी सप्टेंबरात असते.

भाची : म्हणजे कॉलेजच्या पोरांची नाटकं? आमच्या गॅदरिंगला व्हायची तशी?

मावशी : बघितल्यावर तसं म्हणणार नाहीस. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था 1963 पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. ऑगस्टात प्राथमिक फेरी, पन्नासेक कॉलेजं उतरतात, त्यातले मोजके संघ अंतिम फेरीला येतात. मुलं पावसाळाभर कॉलेजच्या रिकाम्या वर्गांत, गच्चीवर, जिन्यात तालमी करतात. नेपथ्य लावायलाही वेळ मोजून मिळतो. पडदा पडल्यावर तीच मुलं लेव्हल्स आणि चौकटी उचलून विंगेतून धावतात. आणि प्रयोगाआधी प्रेक्षागृहात ‘अरे आव्वाज कुणाचा’ची जी आरोळी उठते, ती बाहेर टिळक रस्त्यापर्यंत जात असेल.

भाची : पण नाटकं चांगली असतात का? खरं सांग.

मावशी : काही कच्ची असतात. काहींत संवाद फार आणि घडत काहीच नाही. 2022 साली परीक्षकांना करंडकाच्या तोडीची एकही एकांकिका वाटली नाही, तर त्यांनी तो कुणालाच दिला नाही. केवढी चर्चा झाली तेव्हा! मला तो निर्णय पटला होता. मुलांना लहान समजून पाठीवर हात फिरवायचा नाही, त्यांना नाटकवाले समजून मोजायचं, असा त्याचा अर्थ मी घेतला. आणि म्हणूनच तिथं नाव मिळवलेली माणसं पुढं टिकतात. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे बी. जे. मेडिकलचे विद्यार्थी. डॉक्टरकी शिकता शिकता एकांकिका करणारे. त्याच भरतच्या मंचावर डिसेंबर 1972 मध्ये ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग झाला, तेव्हा दिग्दर्शक जब्बार आणि नाना फडणवीस आगाशे.

भाची : हे जुने झाले. अलीकडचं कोणी?

मावशी : अमेय वाघ, निपुण धर्माधिकारी, सारंग साठ्ये. ही एकांकिकांतून आलेली मंडळी. त्यांनी मिळून ‘नाटक कंपनी’ काढली. पुढे सारंग ‘भाडिपा’ हे यूट्यूब चॅनेल सुरू करणाऱ्यांत होता, आणि तुमच्या पिढीला मराठी स्टँडअप ठाऊक झालं त्यात भाडिपाचा वाटा मोठा.

भाची : स्टँडअपला मी जाते ना! परवाच बाणेरला एका कॅफेत ओपन माइक होता. पण निम्मे विनोद पडले. पैसे वाया गेल्यासारखं वाटलं.

मावशी : ओपन माइक पडण्यासाठीच असतो गं. एकेकाला चार-पाच मिनिटं मिळतात. घरी लिहिलेलं माणसांसमोर म्हणून बघायचं, कुठं हशा येतो आणि कुठं खोली गार पडते ते टिपायचं, दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून पुन्हा उभं राहायचं. असे तुकडे जमवत दहा-पंधरा मिनिटांचा पक्का मजकूर होतो, मग चार-पाच जणांच्या कार्यक्रमात जागा मिळते, आणि तासाभराचा स्वतःचा एकट्याचा प्रयोग व्हायला वर्षं जातात. एखादीला सप्टेंबरात पडताना बघ आणि नोव्हेंबरात पुन्हा तिलाच बघ. त्यात जो आनंद आहे तो घोटून तयार झालेल्या व्हिडिओत नाही.

भाची : तुला हे सगळं आवडतं? मला वाटलं, तू पु.लं.च्या पलीकडे जाणार नाहीस.

मावशी : पु.लं.मुळेच तर आवडतं. 1961 साली त्यांनी ‘बटाट्याची चाळ’ एकट्यानं रंगमंचावर उभी केली. पुढे औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त बावन्न पात्रं एकट्यानं वठवली. आपल्याकडे एकट्या माणसानं सभागृह हसतं ठेवायची सवय जुनी आहे, कीर्तनकारापासूनची. फरक एवढाच की एकपात्रीत माणूस पात्रांच्या आड असतो आणि संहिता ठरलेली असते. स्टँडअपवाला स्वतःच्या नावानं, स्वतःच्या घरादाराबद्दल बोलतो, आणि त्याचा मजकूर रोज हलत असतो. मला त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे, ती म्हणजे भाषा. बऱ्याच जणांची वाक्यं निम्मी इंग्रजी असतात. लातूरची, नांदेडची, साताऱ्याची मुलं आपापल्या बोलीत बोलायला लागली की त्या खोलीत एकदम जीव येतो.

भाची : आता गाण्याचं सांग. मला त्यातलं फारसं कळत नाही.

मावशी : मग दिवाळी पहाटेला ये माझ्याबरोबर. गाण्यासाठी याहून चांगली सुरुवात नाही, आणि त्यामागं कारण आहे. रागांना वेळ असते एवढं माहीत आहे ना?

भाची : ऐकलंय. सकाळचे राग, संध्याकाळचे राग. पण सगळ्या मैफली तर संध्याकाळीच असतात.

मावशी : अगदी हेच! मैफली संध्याकाळच्या, त्यामुळे आपल्या कानांवर यमन, मारवा, पूरिया धनाश्री पुन्हा पुन्हा पडतात. पूर्वी रात्रभर गाणं चालायचं. सवाईसुद्धा रात्रभर चालायचा आणि पहाटे संपायचा, म्हणजे एकाच बैठकीत संध्याकाळ, मध्यरात्र, पहाट, सगळे प्रहर ऐकायला मिळत. मग 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. उघड्यावर रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. वर्षातले काही ठरावीक दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, तेवढीच. आजारी माणसं, परीक्षेची मुलं यांचा विचार करता नियम बरोबर आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण त्यानं रात्रभराची मैफल गेली. पहाटेचा राग पहाटेला ऐकायची जागा उरली ती बव्हंशी दिवाळीची.

भाची : आणि तो पहाटेला ऐकला काय आणि हेडफोनवर दुपारी ऐकला काय, फरक पडतो?

मावशी : तू ललत ऐक, मग सांग. ललतमध्ये पंचम नसतो. म्हणून तानपुऱ्याची पहिली तार नेहमीसारखी पंचमाला न लावता मध्यमाला लावतात. आणि दोन मध्यम, शुद्ध आणि तीव्र, एकामागोमाग येतात. कानाला क्षणभर आधार सुटल्यासारखं होतं. रात्र संपलेली नाही आणि उजाडलेलंही नाही अशा वेळी ते स्वर अंगावर येतात, ते दुपारी येत नाहीत. वेळेचा नियम शास्त्रानं सिद्ध झालाय असं मी म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्यांनी आणि ऐकणाऱ्यांनी त्या स्वरांशी ती वेळ जोडली, म्हणून ती आपल्यालाही जाणवते. ललतनंतर गवई भटियार किंवा अहिर भैरव घेईल, उन्हं वर आली की तोडीकडे वळेल. दोन-अडीच तासांत आकाश बदलतं आणि त्याबरोबर स्वरही.

भाची : पण मी बघितलेल्या दिवाळी पहाटेत तर भावगीतं आणि सिनेमातली गाणी होती. निवेदिका मध्ये मध्ये बोलत होती.

मावशी : हल्ली तसेच कार्यक्रम जास्त. नाट्यगीत, अभंग, भावगीत, दोन चित्रपटगीतं, सगळ्यांना थोडं थोडं. सारसबागेत पहाटे हजारो माणसं नवे कपडे घालून येतात, त्या गर्दीचा आनंद मला मोडायचा नाही. पण निवडताना पत्रिका नीट वाचायची. एकाच गायकाचं नाव असेल, साथीला तबला आणि संवादिनी एवढंच असेल, तिथं जायचं. पाच-सहा गायक आणि ‘सुवर्णकाळातील गीते’ असं असेल तर त्यात ललत मिळणार नाही. प्रवेशिका बहुधा मोफत असतात, पण त्या दिवाळीच्या आठवडाभर आधीच संपतात. शाल घेऊन ये. दवात बसावं लागतं, आणि त्या गारठ्यात तानपुरेसुद्धा हलतात. मध्येच थांबून पुन्हा जुळवतात तेव्हा गप्पा मारू नकोस, कान दे. तुझं शिक्षण तिथंच सुरू होईल.

भाची : आणि मोठी नाटकं? मुंबईची?

मावशी : ती चालूच असतात. शनिवार-रविवारी बालगंधर्व आणि कोथरूडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, साधारण दुपारी साडेबारा, संध्याकाळी साडेपाच, रात्री साडेनऊ. पेपरात जाहिरात येते, ऑनलाइनही मिळतात तिकिटं. त्यात माझी गरज नाही तुला. एक मात्र कर, शनिवार पेठेत सुदर्शन रंगमंच आहे आणि हिराबागेत ज्योत्स्ना भोळे सभागृह, तिथल्या कार्यक्रमांवर लक्ष ठेव. छोट्या जागा आहेत. नटाचा श्वास ऐकू येतो. नवी संहिता, नवा दिग्दर्शक आधी तिथं दिसतो, बालगंधर्वला मागाहून.

भाची : आजोबा म्हणायचे, दसऱ्यापासून तमाशा. त्याचा पुण्याशी संबंध आहे का?

मावशी : अगदी जवळचा. पावसाळ्यात फड बंद असतात. दसऱ्याला पुन्हा उभे राहतात आणि उन्हाळ्यातल्या जत्रांपर्यंत गावोगाव हिंडतात. तमाशा गाजवणाऱ्या विठाबाईंचं नारायणगाव आपल्याच जिल्ह्यात. दसऱ्याच्या आसपास फडांत नवे कलाकार येतात, वग बसवले जातात, बतावणीत त्या वर्षाच्या राजकारणावरचे संवाद भरले जातात. शहरातल्या माणसाला हे दिसत नाही. पण ज्याला विनोद शिकायचाय त्यानं तमाशातला सोंगाड्या बघितला पाहिजे. प्रेक्षकातून आलेला शेरा झेलून त्याचाच विनोद करणं त्याला कुणी कॅफेत शिकवलेलं नाही.

भाची : दिवाळीनंतर मग सवाईपर्यंत रिकामं?

मावशी : कुठलं रिकामं! पाच नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन. 1843 मध्ये त्या दिवशी विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ केलं. आणि पुण्याचा स्वतःचा दिवस म्हणशील तर 31 ऑक्टोबर. 1880 साली त्या तारखेला अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आणलं. ‘सौभद्र’ही दोन वर्षांनी नोव्हेंबरातच आलं. आपलं संगीत नाटक शरदात जन्मलंय. या दिवसांत कुठं ‘सौभद्र’ किंवा ‘मानापमान’ लागलं तर सोडू नकोस. लांब वाटेल, पदांना वन्स मोअर घेतले तर आणखी लांब. पण नाट्यसंगीत ऐकलं की राग ओळखणं सोपं होतं. मी तसंच शिकले.

भाची : तू शिकलीस?

मावशी : विंगेत उभी राहून. हातात सुईदोरा आणि समोर पद चाललेलं. आता तेच दिवस येतायत. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण नोव्हेंबरात सुरू होते. बँकेतले, शाळेतले, कंपन्यांतले लोक दिवसभर नोकरी करून रात्री तालीम करतात आणि पूर्ण लांबीचं नाटक उभं करतात. तिकीट अगदी कमी असतं, तरी प्रेक्षागृह अर्धं रिकामं. मला याचं फार वाईट वाटतं. महिनाभराची मेहनत करून माणसं एकाच प्रयोगासाठी उभी राहतात आणि समोर बघायला त्यांचेच नातेवाईक. तिथं एक अनोळखी प्रेक्षक आला, तरी विंगेत कळतं.

भाची : मग मी येईन. तुमचं कधी आहे?

मावशी : तारीख अजून लागायची आहे. पण ऐतिहासिक नाटक आहे, अकरा अंगरखे उसवून नव्या मापाचे करायचेत आणि माझ्या हाताखाली कोणी नाही. तुला शिवता येतं ना? तुझी आई तर टेलरिंगचा क्लास घ्यायची.

भाची : हातशिलाई येते. मशीन थोडी थोडी.

मावशी : हातशिलाईच हवी. गुरुवारी तालीम आहे, सातला.

भाची : सातला हिंजवडीतून पोचणं अवघड आहे, मावशी.

मावशी : साडेसातला ये. दुसऱ्या अंकाचे कपडे तोवर लागत नाहीत.